आतड्याचे सारवण

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



काल याच मांडवात नाट्यगीतांची मैफल झाली आणि उद्या पाककला स्पर्धा आहे. या दोन्हींच्या मध्ये मंडळाने आम्हाला आतड्यातल्या चिकट स्रावावर बोलायला उभे केले आहे. विषय सांगितला तेव्हा कार्यकारिणीतल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. पण ज्याला आपण लंबोदर म्हणून हात जोडतो, त्याच्यासमोर पोटाची गोष्ट काढायला संकोच कसला, असे एका ज्येष्ठ सभासदांनीच म्हटले आणि परवानगी मिळाली.

आधी आमची ओळख. आम्ही शासकीय रुग्णालयांच्या प्रयोगशाळांमधले तंत्रज्ञ. आम्ही डॉक्टर नाही. डिप्लोमा घेऊन नोकरीला लागलेली माणसे, सूक्ष्मदर्शकावर मान वाकवून दिवस काढणारी. औषध सांगणे हे आमचे काम नाही आणि आजही आम्ही ते करणार नाही. पण खिडकीतून आत येणारा नमुना आणि बाहेर उभा असलेला माणूस, दोन्ही आम्ही रोज पाहतो. त्यातून जे समजले ते सांगायचे आहे.

शौचतपासणीच्या छापील अहवालात सुरुवातीलाच काही रकाने असतात. रंग, घट्टपणा, रक्त आणि म्यूकस. या म्यूकसला आपण मराठीत आव म्हणतो, आणि आपल्या इंदुरात शेजारपाजारच्या संगतीने आँवही म्हणतो. आव पडली की घरोघरी एकच समजूत असते, की पोटात काहीतरी घाण साचली आहे आणि ती बाहेर पडते आहे. मग ती पाडण्यासाठी किंवा बंद करण्यासाठी दुकानातून गोळ्यांची पट्टी आणली जाते. खरी गोष्ट अशी, की हा चिकट पदार्थ घाण नाही. तो निरोगी आतड्यातही चोवीस तास तयार होत असतो. तो आहे म्हणून आपण जिवंत आहोत. तो बाहेर दिसू लागतो तेव्हा आत काय चालले आहे, हा आजचा विषय.

आपल्या मोठ्या आतड्याची लांबी साधारण दीड मीटर. शरीरात मिळून सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा एक अंदाज आहे, आणि त्यांतले बहुतेक सगळे या दीड मीटरमध्ये राहतात. आता आतड्याच्या आतल्या अस्तराकडे पाहा. ते पेशींच्या एकाच रांगेचे असते. एवढ्या जिवाणूंच्या शेजारी एका पेशीच्या जाडीची भिंत, आणि तरीही वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. याचे मोठे कारण म्हणजे भिंतीवर दिलेला या चिकट पदार्थाचा लेप.

आपल्यातल्या ज्येष्ठांनी गावाकडची शेणाने सारवलेली जमीन पाहिली असेल. सारवण पातळ असते, पण धूळ, माती, किडे त्यामुळे आवरले जातात. आणि ते एकदा करून भागत नाही. रोजच्या वावराने झिजते, म्हणून पुन्हा पुन्हा सारवावे लागते. आतड्याचे अगदी तसेच आहे. फरक इतकाच, की उंदरांवरच्या निरीक्षणानुसार तिथला सर्वांत आतला थर एक-दोन तासांत नवा होतो.

हे सारवण करणाऱ्या पेशींना गॉब्लेट पेशी म्हणतात. आकार पेल्यासारखा, म्हणून मराठीत चषकपेशी. त्यांच्या पोटात म्यूसिन नावाचे द्रव्य दाबून भरलेले असते. आतड्यातल्या मुख्य म्यूसिनचे नाव एमयूसी-२. त्याचा कणा प्रथिनाचा, पण वजनाचा सुमारे ऐंशी टक्के भाग त्यावर लगडलेल्या शर्करांच्या साखळ्यांचा असतो. पेशीतून बाहेर पडताच ते पाणी शोषून शेकडो पटींनी फुगते. नीमच-मंदसौरकडचे इसबगोल आपल्या सगळ्यांच्या घरात असते. चमचाभर इसबगोल पाण्यात टाकले की थोड्या वेळात पेलाभर बुळबुळीत लगदा होतो. तसाच हा प्रकार. मात्र यावरून कोणी असे समजू नये, की इसबगोल घेतले की आतून त्याचा लेप बसतो. इसबगोल हा चोथा आहे. तो उपयोगाचा आहे, पण सारवण चषकपेशींनाच करावे लागते.

या लेपाला मोठ्या आतड्यात दोन थर असतात. जुन्या वाड्यात ओसरी असते आणि आत माजघर असते. बाहेरचा थर सैल, ती ओसरी. तिथे जिवाणूंना मुभा आहे. ते तिथे राहतात, शर्करा खातात, आणि बदल्यात आपल्याला उपयोगी पदार्थ तयार करून देतात. आतला थर दाट, पेशींना घट्ट चिकटलेला. ते माजघर. निरोगी आतड्यात तिथे जिवाणू जवळजवळ सापडत नाहीत. लहान आतड्यात व्यवस्था वेगळी आहे. तिथे अन्न शोषले जायचे असते, म्हणून लेप सैल आणि एकपदरी असतो, आणि राखणीसाठी पॅनेथ पेशी जिवाणूनाशक प्रथिने सोडतात.

ही दोन थरांची गोष्ट स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या गुन्नर हान्सन, मालिन योहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली स्पष्ट दाखवली. म्हणजे फार जुनी नाही. आतड्याचे तुकडे तर शंभर-सव्वाशे वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जात होते. मग हा थर आधी नीट का दिसला नाही? याचे उत्तर आमच्या प्रयोगशाळेच्या फडताळात आहे. ऊतकाचा तुकडा आला की तो आम्ही फॉर्मॅलिनमध्ये ठेवतो, मग पुढच्या प्रक्रियेत त्यातले पाणी काढून टाकले जाते. हा लेप म्हणजे बहुतांशी पाणीच. त्यामुळे तो आक्रसतो, धुऊन जातो, आणि काचेवर त्या जागी नुसती मोकळी जागा दिसते. कार्नॉय नावाचे द्रावण वापरले, ज्यात पाणी नसते, तर थर बऱ्याच अंशी टिकतो. त्यावर जिवाणू दाखवणारी रंगप्रक्रिया केली की बाहेर जिवाणूंची गर्दी आणि आत मोकळा पट्टा, असे चित्र दिसते. आमच्या धंद्यातल्या माणसाला यात एक धडा आहे. काचेवर जे दिसत नाही ते शरीरात नव्हतेच, असे धरून चालू नये.

हे सारवण बिघडले तर काय होते, हे उंदरांवरून कळले. ज्या उंदरांत एमयूसी-२ तयारच होत नाही असे उंदीर वाढवले, तेव्हा जिवाणू थेट पेशींना जाऊन भिडले. त्या उंदरांना आतड्याची सूज आपोआप झाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा उंदरांच्या आतड्यात कर्करोगाच्या गाठीही आढळल्या. बाहेरून कोणताही रोगजंतू दिलेला नव्हता. नेहमीचेच जिवाणू, फक्त माजघराचे दार उघडे.

माणसांत याच्याशी सर्वांत जवळचा आजार म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला, गुदाशयापासून सुरू होऊन वरपर्यंत सलग सूज येते, जखमा होतात. रक्त आणि आव पडते, शौचाची घाई आवरत नाही, रात्री झोपेतून उठावे लागते. तो बऱ्याचदा ऐन तारुण्यात सुरू होतो. या रुग्णांचा बायोप्सीचा तुकडा काचेवर आला की एक खूण पाहतात. चषकपेशी कमी झालेल्या असतात, आणि ज्या उरल्या त्यांची पोटे रिकामी. सारवण करणारे हातच कमी झालेले. आजार जोरात असतो तेव्हा लेप पातळ होतो, जागोजागी नाहीसा होतो, आणि जिवाणू आतल्या थरात शिरलेले दिसतात. त्यांना पाहून शरीराची संरक्षण यंत्रणा भडकते, त्या भडक्यात आणखी चषकपेशी मरतात, लेप आणखी पातळ होतो. असे हे चक्र आहे.

आधी सूज की आधी लेपाचा बिघाड, हा प्रश्न बराच काळ चर्चेत आहे. गोथेनबर्गच्याच गटाने २०१९ मध्ये दाखवले, की लेपाच्या मुख्य घटकांमधली घट ही या आजारातली सुरुवातीची घटना आहे. म्हणजे पुष्कळ रुग्णांत सारवण आधी कच्चे पडते आणि आग नंतर लागते.

क्रोन्स नावाचा दुसरा आजार याच कुटुंबातला. तो बहुधा लहान आतड्याच्या शेवटाशी असतो, अधूनमधून जागा सोडून पसरतो आणि भिंतीत खोल जातो. इथे लेप नेहमी पातळ होतोच असे नाही, पण पॅनेथ पेशींची राखण कमी पडते. आपल्या देशात त्याची आणखी एक अडचण आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांत इतके साम्य आहे की अनुभवी डॉक्टरांनाही निदानाला वेळ लागतो. एकावरचे औषध दुसऱ्याला घातक ठरू शकते. म्हणून डॉक्टर एकामागून एक तपासण्या लिहितात तेव्हा पैसे उकळायला लिहिल्या, असा अर्थ काढू नये.

आता आपल्या जुन्या ओळखीच्या रोगाकडे येऊ. अमीबा. पुष्कळ घरांत रक्ती आव म्हणजे अमीबाच, असे समीकरण बसलेले आहे. अमीबा हा खरोखरच या लेपाचा पक्का वैरी आहे. दूषित पाण्यातून त्याची कवचधारी अवस्था पोटात जाते, लहान आतड्यात कवच सोडून हालचाल करणारा अमीबा बाहेर पडतो आणि मोठ्या आतड्यात येतो. म्यूसिनवरच्या शर्करांना धरून तो लेपाला चिकटतो. इथपर्यंत लेप त्याला अडवूनच ठेवतो, आणि पुष्कळ माणसांत गोष्ट इथेच थांबते. पण काहींमध्ये अमीबा प्रथिने कापणारी विकरे सोडून म्यूसिनचे जाळे तोडतो, पेशींपर्यंत पोचतो आणि तोंड अरुंद, पोट रुंद अशा सुरईच्या आकाराच्या जखमा करतो. तिथून रक्तावाटे तो यकृतातही जाऊ शकतो.

मात्र अहवालात 'अमीबाच्या सिस्ट दिसल्या' असे लिहिलेले असले, तरी आजार अमीबाचाच आहे असे सिद्ध होत नाही. एन्टअमीबा डिस्पार नावाचा त्याचा एक निरुपद्रवी भाऊबंद आहे. १९९३ मध्ये त्याला वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या सिस्ट हुबेहूब सारख्या दिसतात. हलणाऱ्या अमीबाच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशी दिसल्या, तरच खात्री वाढते. आणि तो हलताना दिसण्यासाठी नमुना ताजा हवा. पातळ शौच अर्ध्या तासाच्या आत काचेखाली गेले पाहिजे. आमच्याकडे नमुना येतो तो सकाळी सहाचा, दुपारी बाराला, औषधाच्या अर्धवट धुतलेल्या बाटलीत, आणि आधीच तीन दिवस गोळ्या घेऊन झालेल्या असतात. त्यात आम्हाला काय सापडणार? मग अहवालात काही दिसले नाही असे येते, आणि माणूस म्हणतो, सरकारी तपासणीत काही अर्थ नाही.

इथे खरे नुकसान कुठे होते ते सांगतो. रक्त आणि आव पडली की घरात दोन निकाल तयार असतात, अमीबा किंवा मूळव्याध. अमीबासाठी दुकानातली पट्टी, मूळव्याधीसाठी कोणीतरी सांगितलेला पाला. चार दिवस बरे वाटते, कारण कोलायटिसचा स्वभावच चढउताराचा आहे. बरे वाटले की औषध लागू पडले असे वाटते. पुन्हा सुरू झाले की पुन्हा तीच पट्टी. अशी दोन-तीन वर्षे काढलेली माणसे आमच्या खिडकीपाशी येतात तेव्हा हिमोग्लोबिन सहा-सातवर आलेले असते, चेहरा पांढरा, वजन उतरलेले. साठीच्या पुढच्या काहींच्या बाबतीत मूळव्याध म्हणून सोडून दिलेले रक्त कर्करोगाचे निघते.

आणि एक गोष्ट आपल्या समाजाला उद्देशून, रागावू नका. मुलगी पंचविशीची, स्थळे पाहणे चालू, आणि डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली. घरचे म्हणतात, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. दुर्बीण घातली हे बाहेर कळले तर स्थळ जाईल. मुलगी दिवसातून आठ वेळा शौचाला जाते, बाहेर जेवायचे टाळते, आणि कोणाशी बोलत नाही. होळकरांच्या काळापासून इथे नांदणारी आपली घरे, शिकलेली माणसे, तरी या बाबतीत दार लावून बसतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस संसर्गजन्य नाही. औषधाने तो पुष्कळांत आटोक्यात राहतो, लग्न होते, नोकरी होते. मुलेही होतात, फक्त गर्भधारणा आजार शांत असताना व्हावी असा डॉक्टरांचा आग्रह असतो. लपवल्याने मात्र तो वाढतो.

ज्यांचे निदान झाले आहे त्यांनी एक पथ्य पाळावे. बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. रक्त थांबले म्हणजे लेप पूर्ववत झाला असे नाही. आतल्या पेशी आणि त्यांचे सारवण सावरायला जास्त काळ लागतो, आणि ते टिकवण्यासाठीच पुढचे औषध असते. आजार सुरू होऊन आठ वर्षे झाली की कर्करोगासाठी ठराविक काळाने दुर्बिणीची तपासणी सुचवतात. ती चुकवू नये. सांधेदुखी, कंबरदुखीच्या गोळ्या आतड्याच्या अस्तराला त्रास देतात. अशा रुग्णांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

नुसती आव दिसली म्हणून घाबरूही नये. पोट वारंवार बिघडणाऱ्या, पण आतड्याला सूज नसलेल्या माणसांतही आव पडते. जंत झाले तरी आतडे जास्त आव सोडते, कारण ते पाहुण्याला घसरवून बाहेर काढू पाहत असते. पण आवेबरोबर रक्त, ताप, वजन घटणे, रात्रीची झोपमोड, किंवा दोन-तीन आठवड्यांहून लांबलेला त्रास असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. सूज आहे की नाही हे सांगणारी कॅलप्रोटेक्टिन नावाची शौचाचीच एक तपासणी आता मिळते. त्यामुळे दुर्बीण कोणाला खरोखर लागेल, हे ठरवायला मदत होते.

नमुना देताना एवढे करा. रुंद तोंडाची, स्वच्छ, कोरडी डबी घ्या. त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका. आव किंवा रक्त असलेला भाग आवर्जून घ्या. तोच नेमका वगळून स्वच्छ भाग आणण्याकडे लोकांचा कल असतो. शौच पातळ असेल तर लगेच या. गोळ्या सुरू करण्याआधी नमुना द्या, आणि घेतल्या असतील तर तसे सांगा. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने मागितले तर कंटाळू नका.

आता जेवणाविषयी थोडे, कारण उद्या पाककला स्पर्धा आहे आणि त्याआधी आम्हाला कोणी वाईट म्हणू नये. ओसरीवरच्या जिवाणूंचे मुख्य अन्न म्हणजे आपल्याला न पचणारा चोथा. त्यापासून ते ब्यूटिरेट नावाचे आम्ल बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या पेशी त्यावरच पोसल्या जातात. चोथा मिळाला नाही तर काय होते, हे २०१६ च्या एका प्रयोगात दिसले. माणसाच्या आतड्यातले जिवाणू दिलेल्या उंदरांना चोथ्याविना आहार दिला, तेव्हा जिवाणूंनी लेपाच्या शर्करा खायला सुरुवात केली. लेप पातळ झाला आणि मग दिलेला रोगजंतू त्या उंदरांना फार जड गेला. उपाशी भाडेकरूंनी घराचे सारवण उकरून खाल्ले म्हणा ना. उंदरावरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, पण दिशा समजते.

म्हणून सकाळी पोहे-जलेबी, दुपारी मैद्याचे काही आणि वर मूठभर शेव, हा आपला इंदुरी दिनक्रम रोजचा नसावा. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर हे ताटातून हद्दपार होऊ देऊ नका. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे ऋषिपंचमीची भाजी होते. माठ, अळू, सुरण, भोपळा, मका, पडवळ, दोडका, जे मिळेल ते एकत्र, तेल-मसाल्याचा सोस नाही. घरातली मुले नाक मुरडतात. त्यांना सांगा, ही भाजी तुमच्या ओसरीवरच्या मंडळींसाठी आहे. मात्र ज्यांचा कोलायटिस भडकलेला आहे किंवा क्रोन्समुळे आतडे अरुंद झाले आहे, त्यांना चोथा त्रासदायक ठरू शकतो. त्यांनी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.

उत्सवाच्या धामधुमीत पाणी आणि प्रसाद यांच्या स्वच्छतेकडे लक्ष द्या, एवढे मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगणे. महाप्रसादाच्या पंगतीत वाढणाऱ्याने साबणाने हात धुतले, तर आमच्या खिडकीवरची पुढच्या आठवड्यातली रांग थोडी कमी होईल.

शेवटी एकच मागणे. आज घरी गेल्यावर आपल्या माणसांना विचारा, पोटाचा काही त्रास लपवत तर नाही ना. आजोबांना विचारा, मुलीला विचारा, परगावी शिकणाऱ्या मुलाला फोनवर विचारा. उत्तर हो आले, तर दुकानातल्या पट्टीआधी डबी घेऊन आमच्याकडे पाठवा. सकाळी आठपासून आम्ही तिथेच असतो.

 गणपती बाप्पा मोरया!